आप्पासाहेबांचे एक्कावन्न शब्द

इंग्रजी शब्दाला अर्थ असलाच पाहिजे, असं मानणाऱ्या माणसांची आप्पासाहेबांना मनापासून कीव यायची. अर्थाचं काय, तो कोणालाही असतो. अर्ज, दाखला, उतारा, पोच, या शब्दांनाही अर्थ असतो, आणि त्या अर्थांनी आप्पासाहेबांची तेहतीस वर्षं खाल्ली होती. एका सरकारी खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसून त्यांनी येणाऱ्या प्रत्येक कागदाचा अर्थ दोन ओळींत लिहिला, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी येताना ठरवलं, की अर्थ पुष्कळ झाला, उरलेलं आयुष्य आवाजासाठी.

म्हणजे असं, की 'गॉसमर' हा शब्द घ्या. तोंडात जरा घोळवून बघा. सुरुवात गळ्यातून होते, मध्ये तो थोडा सरकतो, आणि शेवटी ओठ मिटतात न मिटतात तोच संपतो. कोळ्याच्या जाळ्याचा हवेत तरंगणारा धागा, असा त्याचा अर्थ आहे म्हणतात. नसता तरी आप्पासाहेबांचं काही बिघडलं नसतं. मॅग्नोलिया, पॅरासॉल, लॅबिरिंथ, टॅम्बोरिन. अशा शब्दांनी त्यांनी तीन वह्या भरल्या होत्या, आणि पहाटे मोरीच्या आरशासमोर दाढी करताना ते रोज त्यांची उजळणी करायचे. इंग्रजीचं एक सबंध वाक्य मात्र ते जन्मात बोलले नव्हते. वाक्यात घातला की शब्द कामाला लागतो, आणि कामाला लागलेल्याचं पुढं काय होतं हे त्यांनी ऑफिसात डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता त्यातले काही लाडके शब्द रोग निघाले, त्याला ते तरी काय करणार? 'मलेरिया' हे नाव एखाद्या राजकन्येला शोभलं असतं, ते डासाच्या वाट्याला गेलं, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. थोरल्या नातीच्या बारशाला त्यांनी कागदावर 'मेलानोमा' लिहून पुढं केलं होतं. सुनेचा भाऊ डॉक्टर होता, म्हणून पोरगी वाचली.

एवढी संपत्ती घरात, पण ऐकायला कोणी नाही, हे आप्पासाहेबांचं खरं दुःख होतं. मुलगा पुण्याला. पत्नी वच्छलाबाईंचं माहेर वेरूळचं, स्वभाव रोखठोक. मोरीतून 'लॅबिरिंथ' ऐकू आलं, की ओट्यापाशी चहा गाळता गाळता त्या म्हणायच्या, "दाढी करताना बोलू नका. कापून घ्याल." एवढीच दाद. एकदा तरी चार माणसांनी गप्प बसून आपले शब्द ऐकावेत, एवढी एकच इच्छा मनात धरून आप्पासाहेब सासष्टीत आले.

आणि तशात सोसायटीचा स्नेहमेळावा जाहीर झाला.

जालना रोडला चिकलठाणा सोडून करमाडच्या दिशेनं निघालं, की डाव्या हाताला मधुमालती सोसायटी लागते. साठ घरं, एक गेट, आणि एक चेअरमन. चेअरमन साहेबराव साखर कारखान्यातून शेतकी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते जेवणात मीठ कमी पडलं तरी ठराव मांडायचे. संक्रांतीनंतरचा एक रविवार ठरला. तोही दोनदा बदलला, कारण पहिल्या दोन्ही तारखांना नळाचा दिवस येत होता आणि नळाच्या दिवशी सोसायटीतलं माणूस देव आला तरी टाकीपासून हलत नाही. हळदीकुंकू, संगीतखुर्ची, चेअरमनचं भाषण, असा नेहमीचा बेत. आप्पासाहेब भीत भीत साहेबरावांकडे गेले आणि दहा मिनिटं मागितली.

"अर्ज द्या," साहेबराव म्हणाले.

"दहा मिनिटांसाठी?"

"मागच्या साली एकानं बासरीला पाच मिनिटं मागितली अन् पाऊण तास वाजवली. तवापासून अर्ज."

आप्पासाहेबांनी अर्ज दिला. विषय: इंग्रजीतील एक्कावन्न सुमधुर शब्द, एक श्रवण. तीन दिवसांनी तो परत आला. शेरा होता, 'शब्दांची यादी जोडलेली नाही.' यादी जोडली. परत आला, 'यादीत अर्थ नाहीत.' अर्थ लिहिताना आप्पासाहेबांना फुलपाखराला टाचणी टोचल्यासारखं वाटलं, पण लिहिले. पुन्हा परत, 'अर्थ जाणकाराकडून तपासून घ्यावेत, तसेच सदर शब्दांनी कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत असे हमीपत्र जोडावे.' आप्पासाहेबांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज याच भाषेत परत पाठवले होते. परत आलेला अर्ज हातात घेतल्यावर माणसाच्या पोटात नेमकं कुठं दुखतं, हे त्यांना सासष्टाव्या वर्षी कळलं. त्या रात्री जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं.

जाणकार म्हणजे बारा नंबरच्या तनुजा मॅडम. त्या इंग्रजी शाळेत शिकवायच्या. त्यांनी लाल पेन काढलं आणि यादीतले चार रोग एका दमात कापले. 'निन्कमपूप' वर पेन थांबलं.

"काका, याचा अर्थ मूर्ख माणूस."

"पण ऐकायला कसा गुबगुबीत आहे बघा."

"हो, पण चेअरमनसाहेब पहिल्या रांगेत बसणार आहेत. कशाला उगाच?" तो गेला. जागा भरायला आप्पासाहेबांनी वहीतून दुसरे पाच दिले. सही करताना मॅडम सहज म्हणाल्या, "छान आहे, काका. फक्त प्रत्येक शब्द एकेका वाक्यात वापरून दाखवा ना. म्हणजे मुलांना उपयोग होईल."

उपयोग हा शब्द आप्पासाहेबांच्या छातीत लागला. घरी जाताना जिन्यात आणखी तिघांनी गाठलं. एकानं सांगितलं, प्रोजेक्टर लावा आणि प्रत्येक शब्दाला फोटो दाखवा. दुसऱ्यानं सुचवलं, अर्थ ओळखणाऱ्याला चॉकलेट ठेवा, नाहीतर पब्लिक उठून जाईल. तिसऱ्यानं विचारलं, हे सगळं मोबाइलवर फुकट मिळत असताना तुम्ही का त्रास घेता? सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, म्हणून तो आपल्याकडे नळापेक्षा नियमित येतो.

अर्ज मंजूर झाल्यावर आप्पासाहेबांनी सराव सुरू केला. घरात मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून ते सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटांवर जाऊ लागले. वच्छलाबाईंनी हातात बादली दिली. "जाताच हाय तर भाजीची सालं अन् शिळ्या पोळ्या घेऊन जा. तिथं शेळ्या असत्यात." एका हातात वही, एका हातात बादली, अशा अवस्थेत साहित्यिक माणूस फार रुबाबदार दिसत नाही. पण मोकळ्यावर आवाज चांगला लागायचा. एक शब्द म्हणायचा, मूठभर सालं टाकायची, पुढचा शब्द.

शेळ्या भिकनच्या होत्या, चाळीस-एक. भिकन आप्पासाहेबांच्याच वयाचा, धनगराचा. त्याच्या बापजाद्यांनी या माळावर मेंढरं चारली होती. माळाचे प्लॉट झाले, तसा तो प्लॉटांवर शेळ्या चारू लागला. पहिले दोन दिवस काठीवर हनुवटी टेकून त्यानं नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी जवळ आला.

"आप्पा, हे काय म्हनता?"

"इंग्रजी शब्द आहेत."

"चांगलेत," भिकन म्हणाला.

आप्पासाहेब पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. न राहवून त्यांनीच विचारलं, "अर्थ नाही विचारला?"

"जनावरात राहून अर्थाची सवय ऱ्हात नाय. हाळी देली तर ते आवाजानं येतं. पान्याची हाळी येगळी, घराची येगळी. पिलाला मऊ बोलावं लागतं. अर्थ कोन सांगत बसतंय त्याला?"

आप्पासाहेबांना त्याला मिठी मारावीशी वाटली. सबंध शहरात आवाजाचं कळणारा एक माणूस निघाला, आणि तो सोसायटीच्या भिंतीला लागून इतकी वर्षं उभा होता.

भिकनची एक अडचण होती. दिवाळीत त्याचे पुढचे चार दात काढले, आणि दातांबरोबर त्याची शीळही गेली. ती शीळ म्हणजे त्याचं निम्मं काम. नुसत्या ओरडण्याला शेळ्या किंमत देईनात. एक दिवस तो म्हणाला, "आप्पा, तुमच्यातला एक मला द्या की. तो हल्लाबलू. त्याला दात लागत नाय." हल्लाबलू म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. आप्पासाहेबांनी तो आनंदानं दिला. रोज सकाळी आधी दोघांनी मिळून "हल्लाबलू" म्हणायचं, मग बादली ओतायची आणि मग उरलेले पन्नास शब्द संथपणे म्हणत प्लॉटांवरून चालायचं, शेळ्या मागं, असा परिपाठच पडला. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की हल्लाबलू म्हटलं की माळावर असतील तिथून शेळ्या पळत येत. यातून पुढं काय होईल, हे कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. पण आप्पासाहेब त्या दिवसांत शहाणे नव्हते, सुखी होते.

स्नेहमेळाव्याचा रविवार उजाडला. पटांगणात मंडप, खुर्च्या, दोन मोठे स्पीकर. साहेबरावांनी यंदा स्टीलच्या वाट्यांऐवजी वाण म्हणून रोपं द्यायचा ठराव केला होता, त्यामुळे मंडपाच्या कडेला साठ कुंड्या ओळीनं मांडलेल्या, तीस शेवंतीच्या आणि तीस मोगऱ्याच्या. खुर्च्यांचा टेम्पो परत जायचा होता म्हणून गेट सताड उघडं. हळदीकुंकू झालं, साहेबरावांचं भाषण त्याच्या वेळात संपलं नाही, आणि साडेचारला आप्पासाहेबांचं नाव पुकारलं गेलं. माइकच्या चबुतऱ्यावर चढताना त्यांनी चपला काढून ठेवल्या. देवळात शिरल्यासारखंच वाटत होतं.

"मॅग्नोलिया," ते म्हणाले.

कोणीतरी खाकरलं. मागं पोरं फिदीफिदी हसली.

"पॅरासॉल. गॉसमर."

"अर्थ सांगा अर्थ," तिसऱ्या रांगेतून सूचना आली. आप्पासाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चौथ्या-पाचव्या शब्दाला पोरं हसायची थांबली. आठव्याला एका बाईंनी मोबाइल खाली ठेवला. नवव्याला खरंच, सगळं पटांगण गप्प झालं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घडत होतं. त्या भरात त्यांनी दहावा शब्द जरा जास्तच खुल्या आवाजात घेतला, आणि दोन्ही स्पीकरांनी तो माळभर पोचवला.

"हल्लाबलू."

पहिली शेळी गेटमधून आली तेव्हा लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग उरलेल्या आल्या. त्या आप्पासाहेबांकडेच निघाल्या होत्या, मोठ्या विश्वासानं, पण वाटेत शेवंती लागली. पाच मिनिटांत वाणाच्या साठ कुंड्यांत नुसते दांडे उरले. संगीतखुर्चीच्या गोलात शेळ्या उभ्या राहिल्या, हळदीकुंकवाच्या टेबलावर एक चढली, तिळगुळाचं तबक पालथं झालं. एका करड्या बोकडानं चबुतऱ्यावर पाय टेकून आप्पासाहेबांच्या हातातली यादी ओढली आणि तनुजा मॅडमच्या सहीसकट खाल्ली. हमीपत्र तेवढं त्याला आवडलं नाही.

साहेबरावांनी दांडे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. ती रोपं त्यांनी स्वतः नर्सरीत जाऊन एकेक निवडून आणली होती, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी फोन काढला. "कोंडवाड्याची गाडी बोलावतो. समद्या शेळ्या आत. त्याशिवाय या लोकांना शिस्त लागत नाही."

तोवर भिकन धापा टाकत आला होता. तो हात जोडून या शेळीमागून त्या शेळीमागं धावत होता, आणि गर्दीच्या आरडाओरड्यात त्याचा बिनदाताचा आवाज एकाही शेळीपर्यंत पोचत नव्हता. "सायब, पिलं घरी हायत," तो साहेबरावांना म्हणत होता. "दूध प्यायची पिलं हायत हो. त्यांच्या आया कोंडल्या तर ती मरतील." लोक त्याच्यावरच ओरडत होते. बेजबाबदार माणूस, जनावरं मोकाट सोडतो, नेहमीचंच आहे.

आप्पासाहेब चबुतऱ्यावर उभे होते, आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. गप्प बसले असते तर सोसायटीनं त्यांची कीव केली असती; बिचाऱ्याचा कार्यक्रम शेळ्यांनी घालवला, म्हटलं असतं, पुढच्या वर्षी दहा मिनिटं पुन्हा दिली असती, कदाचित अर्जाशिवाय. खरं सांगितलं तर जन्मभर त्यांचे शब्द म्हणजे शेळ्या हाकायचे शब्द होणार होते. जिन्यात लोक त्यांना हाळी देणार होते. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माइक हातात घेतला.

"भिकनला बोलू नका," ते म्हणाले. "त्याची चूक नाही. शेळ्यांना मी बोलावलं. तो दहावा शब्द त्यांच्या ओळखीचा आहे. मीच शिकवलाय."

पटांगण दुसऱ्यांदा गप्प झालं. मग एकजण हसला, आणि त्याच्या मागं सगळेच हसले. आप्पासाहेबांचे कान लाल झाले.

"बोलावल्या तुम्ही, तर घालवा आता तुम्हीच," साहेबराव म्हणाले. "गाडी निघाली हाय. अर्ध्या तासात येईल."

आप्पासाहेब चबुतऱ्यावरून उतरले आणि "हल्लाबलू" म्हणत गेटकडे चालू लागले. एका शेळीनं मान वर केली. मग दुसरीनं. "लॅव्हेंडर," आप्पासाहेब म्हणाले, सकाळच्या संथ चालीत, "सिम्फनी, एमरल्ड," आणि सगळा कळप दांडे सोडून त्यांच्या मागं लागला. लोक अजून हसत होते. कोणी व्हिडिओ काढत होतं. आप्पासाहेब मागं न बघता गेटबाहेर पडले, भिकन शेवटच्या शेळीमागं.

भिकनचं कुंपण तिथून एक किलोमीटर. पहिला निम्मा रस्ता बरा गेला. कॅनॉलचा पूल आला आणि आप्पासाहेब थांबले. पुढचा शब्द आठवेना. यादी बोकडाच्या पोटात, वह्या घरी, आणि डोक्यात नुसतं ते हसणं वाजत होतं. म्हटलेलेच शब्द त्यांनी घाईनं पुन्हा म्हणून पाहिले, पण आवाज कापत होता आणि शेळ्यांना तो ओळखू येईना. काही तरी म्हणायचं म्हणून त्यांनी मराठीला हात घातला. सळसळ, रुणझुण, लुसलुशीत, असे एकाहून एक नामी शब्द म्हणून पाहिले. शेळ्या जागच्या हलल्या नाहीत. सवय इंग्रजीची झाली होती. दोन-तीन जणी तर शेवंतीच्या आठवणीनं मागं वळल्या.

"आप्पा, काई तरी म्हना," मागून भिकन काकुळतीनं म्हणाला.

"टॅम्बोरिन," कोणीतरी म्हणालं.

आप्पासाहेबांनी वळून पाहिलं. वच्छलाबाई होत्या. पदर खोचलेला, कपाळावर हळदीकुंकू, आणि हातात आप्पासाहेबांच्या चपला. नवरा अनवाणी गेला म्हणून त्या मागं आल्या होत्या.

"टॅम्बोरिन," त्या परत म्हणाल्या. "मंग मर्मर. मंग तो लॅबिरिंथ. चला लवकर, गाडी यील."

"टॅम्बोरिन," आप्पासाहेब कसेबसे म्हणाले. मागं वळलेल्या शेळ्या थबकल्या. "मर्मर. लॅबिरिंथ."

"कॅलिडोस्कोप," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

"कॅलिडोस्कोप."

असे ते उरलेलं अर्धं किलोमीटर चालले. त्या शब्द पुरवायच्या, ते मोठ्यानं म्हणायचे. यादीतले संपले, तसे मॅडमनी कापलेलेही वच्छलाबाईंनी काढले. निन्कमपूप, मलेरिया, मेलानोमा. शेळ्यांच्या भावना दुखावल्या नाहीत. यादीत कधीच नसलेले, पाच-दहा वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी टाकून दिलेले शब्दही वच्छलाबाईंना ठाऊक होते. शेवटची शेळी आत गेली, पिलं आयांना बिलगली, आणि भिकननं जाळीचं दार ओढून घेतलं. त्यानं आप्पासाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिकडे कोंडवाड्याची गाडी सोसायटीत आली, साठ कुंड्या पाहिल्या, शेळी एकही सापडली नाही, आणि तिळगूळ घेऊन परत गेली.

भिकन पाणी आणायला झोपडीत गेला. दोघं कुंपणापाशी दगडावर टेकले.

"तुला हे सगळं कधी पाठ झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कधी म्हंजी? तुमी रोज सकाळी मोरीत म्हनता, मी ओट्यापाशी असते. मधी भिंत हाय, कानाला काय बूच लावून बसू?"

"कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी इचारलं? एखाद दिवशी पडसं होऊन तुमी गप असले, तर माझा चहा बिघडतो." त्यांनी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. "समदे चांगलेत. पन मला तो एक लई आवडतो. मेलंकली. तो तुमी दाढी झाल्यावर म्हनता, तोंड पुसता पुसता."

मेलंकली म्हणजे उदासी. कशाचीही नसलेली, उगीच मनात येऊन बसणारी उदासी. चार माणसांनी गप्प बसून ऐकावं म्हणून आप्पासाहेबांनी चार वेळा अर्ज केला होता.

"त्याचा अर्थ सांगू?" त्यांनी विचारलं.

"नका सांगू. कशाला पायजे? तुमी नुसतं म्हना. हितं कोनी नाय, मोठ्यानं म्हना."

आप्पासाहेबांनी चपला घातल्या, गळा साफ केला आणि म्हटलं. वच्छलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवटचा आवाज विरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "परत."